बायनाबाईची अमानत

बायनाबाई खिल्लारे माझ्या ध्यानात राहिल्या त्या एका भाकरीमुळं. आमच्या साखर कारखान्याचा बेणेमळा, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या उसाचं रान, गंगेच्या अंगाला होता. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. तिथं पिंगळीकडच्या बायका खुरपायला यायच्या. एके दिवशी सगळ्यांनी आपापली गाठोडी लिंबाखाली ठेवली. या बाईंनी मात्र भाकर मधून मोडली, अर्धी लिंबाखाली ठेवली आणि अर्धी लांब बांधावरच्या बोरीला टांगून आल्या. बायका हसल्या. मीही हसलो. दुपारी येऊन पाहतो तर कुत्र्यांनी लिंबाखालचं सगळं फस्त केलेलं. मग बोरीवरची अर्धी भाकर खाली आली आणि सगळ्यांच्या वाट्याला घास घास आला. मलाही आला. त्या काळी आमच्यातल्यानं त्यांच्या हातचं खाणं एवढंही सरळ नव्हतं, पण भूक होती आणि त्यांनी हात पुढं केला होता. सोबत तिळाची चटणी होती. चटणीवरून मला आणखी एक गोष्ट आठवते, पण ती राहू द्या. घरचे म्हणतात, आजोबा, तुमची गाडी जिंतूरला निघते आणि मानवतला पोचते.

तर मी गाडी रुळावर आणतो. माझं शिक्षण गावच्या शाळेत, सातवीपर्यंत. कारखान्यात मी शेतकी खात्याकडं चिटबॉय होतो. बॉय म्हणायचे, पण मिशा तेव्हाच पिकायला लागल्या होत्या. काम असं, की कोणत्या सभासदानं कोणत्या तारखेला ऊस लावला ते त्याच्या बांधावर जाऊन टिपायचं आणि हंगाम लागला की त्याच क्रमानं तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या. आधी लावला त्याचा आधी तुटायचा. हा क्रम मोडला तर मोठ्या बागायतदाराचं काही बिघडत नाही, त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी कशीही आधी शिरते. ज्याचा ऊस एकरभर आहे त्याचा मात्र उन्हाळ्यापर्यंत उभा राहतो. त्याला तुरा येतो, कांडी पोकळ पडते आणि वर्षाचा घाम जागेवर वाळतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं या क्रमावरच येऊन अडणार आहे.

बायनाबाईंना वस्तू दोन जागी ठेवायची सवय कुठून लागली, ते मला फार उशिरा कळलं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांच्या वस्त्या पेटल्या. बायनाबाईंचं गाव त्यांतलंच एक. नाव मी लिहीत नाही. त्यांनीच मला बजावलं होतं, की ज्यांनी केलं त्यांची नातवंडं आता शाळेत जायलीत, त्यांच्या पाटीवर ते कशाला. खरिपाची ज्वारी अंगाबरोबर आली होती, तिच्यात माय-लेक बसून राहिले. परत आले तेव्हा छप्पर खाली बसलेलं होतं. पत्र्याची पेटी काळी होऊन राखेत पडली होती. घरात जे जे जपायचं ते सगळं त्या एका पेटीत होतं. बन्सीधरचा, म्हणजे लेकाचा, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मूठभर बियाणं आणि सिताराम खिल्लारेंचा फोटो. सिताराम म्हणजे बायनाबाईंचे मालक. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले होते, तिथं रंगवलेल्या पडद्यासमोर उभं राहून त्यांनी तो काढून घेतला होता. पुढं तापानं गेले. त्यांचा तेवढाच एक फोटो.

दाखला मिळाला. शाळेच्या नोंदवहीत बन्सीधरचं नाव होतं, हेडमास्तरांनी त्यावरून दुसरा लिहून दिला. रेशनकार्ड तहसीलात चकरा मारून मिळालं. बियाणं झरीच्या बहिणीनं दिलं. फोटो मात्र कुणाकडंच नव्हता. पुढच्या दसऱ्याला त्या स्वतः नागपूरला जाऊन तो फोटोवाला धुंडाळून आल्या. त्या जागी कापडाचं दुकान झालं होतं. दुकानदारानं बसवून घेतलं, चहा पाजला, पण तो काय देणार.

तेव्हापासून त्या पिंगळीला स्टेशनाजवळ खोपटात राहायला आल्या आणि घरात येईल त्याचे दोन भाग करू लागल्या. अर्धी ज्वारी इथं, अर्धी झरीला बहिणीकडं, सरजाबाईकडं. अर्ध्या मिरच्या इथं, अर्ध्या तिथं. सुईसुद्धा दोन जागी. वस्तीतल्या बायका चेष्टा करायच्या. एकीनं एकदा विचारलं, बायना, नवरा बी दोन ठेवायचा का. त्या खुरपं न थांबवता म्हणाल्या, "एकच होता बाई, म्हणून तर हे शिकले." मग त्या रांगेत नुसती खुरपी चालत राहिली.

बन्सीधर बारावी झाला आणि आमच्याच शेतकी खात्यात कारकून म्हणून लागला. पोरगा अबोल. त्याच्या टेबलावर कागद असा ठेवलेला असायचा, की वाऱ्याचीही तो हलवायची हिंमत होऊ नये. आणि मग एक्क्याण्णव साली आमच्याकडं कॉम्प्युटर आला.

त्याचा थाट मी काय सांगू. बाहेर आम्ही उन्हात करपायचो आणि त्याच्या खोलीला गारवा करायचं यंत्र. आत जाताना चप्पल बाहेर काढायची. एक म्हातारा सभासद तर आत येऊन हात जोडून उभा राहिला आणि प्रसाद कुठं मिळतो म्हणून विचारू लागला. बन्सीधरला औरंगाबादला शिकायला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यानं मला समजावलं ते मला पटलं, म्हणून तुम्हालाही तसंच सांगतो.

दुकानदाराकडं खतावणी असते आणि रोजमेळ असतो. दिवसभर जे जे घडेल ते एकाखाली एक रोजमेळात पडतं, मग ते ज्याच्या त्याच्या खात्यावर जातं. कॉम्प्युटरातही तसंच. सभासदाची लागणीची तारीख मूळ नोंदीत असते, पण ती घातली, बदलली, खोडली, यातलं प्रत्येक पाऊल तो शेजारी वेगळं लिहीत जातो. त्याला म्हणायचं लॉग. मूळ नोंद कधी बिघडली तर शनिवारी काढून ठेवलेली पूर्ण प्रत घ्यायची, तिच्यावर त्यानंतरचा लॉग चढवायचा, की होतं तसं उभं राहतं. फक्त या लॉगची जागा धान्याच्या कणगीसारखी. रोज भरत जाते. वेळेवर टेपेवर काढून घेतली नाही आणि तोंडापर्यंत भरली, की कॉम्प्युटर जागच्या जागी उभा. आणि टेप म्हणजे वहीएवढी जाड डबी, आत फीत. गाण्याच्या कॅसेटीची थोरली बहीण समजा.

कचेरीचे मुख्य दिनकरराव. माणूस सरळ, पण घाईचा. ते म्हणायचे, एकदा मूळ नोंदीत आलं की हे कच्चं कशाला साठवायचं, टेपा काय झाडाला लागतात. बन्सीधर म्हणायचा, साहेब, टेपा फिरवून वापरू. जुनी पुसू, तिच्यावर नवं घेऊ. पण नवी वाचून बघितल्याशिवाय जुनी पुसायची नाही. एवढ्या एका गोष्टीवर तो अडून बसायचा. आमच्या हातच्या चिठ्ठ्या तर कॉम्प्युटरात चढल्या की थेट बॉयलरात जायच्या. मला ते जिवावर यायचं. बांधाबांधावर फिरून टिपलेल्या तारखा आणि त्यांची वाफ.

मग एका उन्हाळ्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोयट्यांच्या, ढिगाला आग लागली. झळ कचेरीच्या खिडकीपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी बन्सीधरनं दिनकररावांना सांगितलं, की सगळ्या टेपा एका कपाटात नकोत, एक प्रत दुसऱ्या छपराखाली पाहिजे, मी घरी नेतो. यावर बैठकीत कुणीतरी बोललं, की आमच्या उसाच्या नोंदी आता त्या वस्तीत राहणार का. मी दारात उभा होतो. बन्सीधर खाली बघत राहिला. दिनकररावांनी तो विषय तिथंच कापला, परवानगी दिली, पण लिहून घेतलं. टेप हरवली किंवा खराब झाली तर नोकरीवर हक्क राहणार नाही. बन्सीधरनं सही केली.

त्यानं टेप घरी नेली तेव्हा बायनाबाईंनी विचारलं, यात काय हाय. तो म्हणाला, तालुक्याच्या उसाच्या जन्मतारखा. मग म्हणाला, माय, ही आपली न्हाई, लोकाची अमानत हाय. बास, त्यांना एवढा शब्द पुरला. अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू, निजामाच्या वेळेपासून आमच्या तोंडात बसलेला शब्द. पुढं त्यांनी स्वतःहून विचारलं, हिची दुसरी कुठाय. कारखान्यात, असं तो म्हणाला, तर त्या म्हणाल्या, कारखान्यातली कारखान्याची. माझ्याकडची जळली तर? शेवटी बन्सीधर दोन प्रती काढू लागला. एक पिंगळीच्या पेटीत. दुसरी बायनाबाई बाजाराच्या दिवशी एसटीनं परभणीवरून झरीला न्यायच्या, वर मेथी, खाली टेप, आणि आधीची परत आणायच्या. सरजाबाईच्या घरात मडक्यांची उतरंड होती, एकावर एक मडकी रचलेली. तिच्यातल्या मधल्या मडक्यात ती टेप जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली असायची. लेकानं सांगून ठेवलं होतं, की दोन्ही एकदम कधी कुणाला द्यायच्या नाहीत, मला सुद्धा नाही.

त्र्याण्णव साल आलं. किल्लारीच्या भूकंपाला महिनाही झाला नव्हता, माणसं अजून घरात निजायला कचरत होती. दसरा तोंडावर, बॉयलर पेटवायचा कार्यक्रम ठरलेला, आणि त्याच्या मागोमाग तोडीचा क्रम छापून लावायचा होता. बन्सीधर दरसाल दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, त्याही वर्षी गेला. त्या वर्षी वस्तीतली म्हातारी माणसं सोबत होती म्हणून आधीच निघाला. जायच्या आधी नव्या प्रती काढल्या, घरी आणि झरीला पोचवल्या.

आता आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कोयते, पाने, ट्रॅक्टर, वजनकाटा, सगळ्याला गंध-फूल. कॉम्प्युटर आल्यापासून त्याचीही. बन्सीधर बौद्ध, पण त्यानं कधी कुणाचं मन मोडलं नाही. दरवर्षी एक कोरी टेप काढून द्यायचा आणि म्हणायचा, हिची पूजा करा. त्या वर्षी तो नव्हता. कचेरीतल्या पोरांनी हौसेनं टेपांचं कपाट उघडलं. एकीचीच कशाला, सगळ्यांची करू. सगळ्या टेपा पाटावर मांडल्या, झाकणं उचलून आतल्या फितीला ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ तिथंच फोडला आणि पाणी शिंपडलं. टेप जिथं घालतात त्या यंत्राच्या तोंडालाही कुंकवाचं बोट लावलं. मी तिथंच होतो. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. सगळ्यांनी मनापासून केलं होतं.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर उभा राहिला. हंगामाच्या आधी तारखांच्या दुरुस्त्यांची झुंबड असते, लॉगची कणग भरली होती, आणि ती रिकामी करणारा नागपुरात. पोरांनी टेप घालून बघितली. यंत्र करकरलं आणि टेप बाहेर. दुसरी घातली, तेच. दिनकररावांच्या डोक्यावर छपाईची घाई. ते म्हणाले, कच्चं आहे ना ते, काढून टाका, जागा होईल. काढून टाकलं. त्यानंतर कॉम्प्युटर मूळ नोंदही उघडेना. रोजमेळाची शेवटची पानंच फाडली, आता खतावणी कोणत्या पानावर विश्वास ठेवणार. कपाटातल्या टेपा तर कुंकवानं माखलेल्या. एकही वाचता येईना.

 तारखा गेल्या, क्रम गेला. आणि क्रम गेला की पहिला ऊस कुणाचा तुटणार आणि शेवटी कुणाचा उरणार, हे सांगायला कॉम्प्युटर लागत नव्हता. दिनकररावांनाही ते कळत होतं. त्यांनी जीप काढायला सांगितली. मला घर माहीत होतं म्हणून मला बरोबर घेतलं.

पिंगळीला ते जीपमध्येच बसून राहिले, मला आत पाठवलं. बायनाबाई दारात तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण मागायलंय. मी जीपकडं बोट केलं.

"त्यांना आत येऊ द्या," त्या म्हणाल्या. "अमानत दारातून देत न्हाईत, माणिकराव."

दिनकरराव खाली उतरले, वाकून आत आले. बायनाबाईंनी पेटी उघडली, फडकं सोडलं, टेप त्यांच्या दोन्ही हातांत ठेवली आणि म्हणाल्या, ही वापस यायला पाहिजे. त्यांनी मान हलवली. आम्ही तडक कारखान्यावर आलो, टेप त्याच यंत्रात घातली. आत काय झालं ते कुणालाच दिसलं नाही, फक्त आवाज आला. आतलं रबरी चाक कुंकवानं आणि नारळाच्या पाण्यानं चिकट झालं होतं. त्यानं फीत ओढून घेतली ती सोडलीच नाही. बाहेर काढली तेव्हा ती भिजलेल्या सुतळीसारखी गुंतलेली होती.

आम्ही परत पिंगळीला. या वेळी दिनकररावांनी चपला दारात काढल्या आणि न सांगता आत आले. आणखी एखादी टेप असेल तर द्या म्हणाले.

"दुसरी या छपराखाली न्हाई."

कुठं आहे, ते त्यांनी विचारलं. बायनाबाईंनी उलट विचारलं, पहिली कुठाय. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुढं केलं. त्यांनी ते उलगडलं आणि गुंतलेल्या फितीवरून बोट फिरवत राहिल्या. अठ्ठ्याहत्तरच्या राखेतली पेटी मी पाहिलेली नाही, पण तेव्हा त्या तशाच बसल्या असतील असं मला वाटलं.

दिनकरराव चिडले नव्हते, त्यांचा आवाज थकलेला होता. म्हणाले, "बाई, छपाई थांबली तर सगळा तालुका मला विचारणार. तुम्ही अडवून धरलंत तर बन्सीधरच्या नोकरीचं मला बघावं लागंल. त्यानं लिहून दिलंय."

मी खाली बघितलं. त्या घरात पगार येत होता तो एकच. बायनाबाईंनी वर्तमानपत्र घडी घालून मांडीखाली घेतलं.

"साहेब, नोकरी गेली तर दुसरी बघता येती," त्या म्हणाल्या. "ह्याची आता एकच उरली. तुमच्या यंत्रानं एक खाल्ली. भुकेल्या कुत्र्याफुडं लगेच दुसरी भाकर कोण टाकतंय? बन्सी येऊ द्या."

दिनकररावांना ती शोधणं अवघड नव्हतं. जीप होती, माणसं होती, झरीचं नातं वस्तीत कुणीही सांगितलं असतं. मी स्वतः जाणत होतो, आणि त्यांनी माझ्याकडं एकदा वळूनही पाहिलं. मी झरीचं नाव काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मग ते बाहेरच्या ओट्यावर बसले आणि बन्सीधरची गाडी कधीची, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णेकडून गाडी आली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, निळे झेंडे, जयभीमचा घोष, आणि त्या गर्दीत आमचे दिनकरराव फलाटावर एकटे उभे, मी दोन पावलं मागं. बन्सीधरनं त्यांना पाहिलं तसा त्याचा चेहरा उतरला. त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पूजा कुणी केली ते सांगितलं नाही, लॉग कुणी काढायला लावला ते सांगितलं. बन्सीधर बाकड्यावर बसला. कॉम्प्युटरबद्दल एक शब्द विचारला नाही.

"मायनं किती दिल्या?"

मी म्हणालो, एक. त्यानं डोळे मिटले आणि मग उठून पिशवी खांद्याला लावली.

औरंगाबादहून इंजिनिअर बोलावला. त्यानं ते यंत्र खोलून पुसलं, चाक बदललं. बन्सीधरनं आधी कोरी टेप घालून बघितली, त्यावर लिहिलं, वाचलं, परत लिहिलं, परत वाचलं. मग आईला म्हणाला, चल झरीला.

जीपमध्ये बायनाबाई पुढं बसल्या, दिनकरराव आमच्यासोबत मागं. झरीला सरजाबाईनं उतरंड उतरवायला घेतली. एकेक मडकं खाली येत होतं आणि तिचं तोंड चालू होतं. बायना, दोन सालापासून मी ह्या मडक्याला जपायले, भूकंपाच्या दिवशी लेकराआधी हे बाहेर काढलं, मला वाटलं तुझं सोनं हाय. फडकं सोडून काळी टेप बघितल्यावर ती जी हसली, दिनकररावसुद्धा हसले. त्या सगळ्या दिवसांतलं ते एकच हसू.

कॉम्प्युटरच्या खोलीत बायनाबाई चप्पल काढून खुर्चीच्या काठावर बसल्या. टेपेला एक बारीक खिट्टी असते, ती फिरवली की तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. बन्सीधरनं ती फिरवून आईला दाखवली. मग टेप आत गेली. यंत्राचा आवाज पुढं, मागं, पुढं. इंजिनिअर पोरगा कौतुकानं म्हणाला, आजी, बघा, नावं आली, तारखा आल्या. त्यांनी पडद्याकडं पाहिलंही नाही. त्या यंत्राच्या तोंडाकडं बघत होत्या. टेप बाहेर आली तशी त्यांनी ती हातात घेतली. दिनकरराव पुढं झाले, म्हणाले, आता द्या, कपाटात ठेवतो.

"हिची दुसरी झाली का?" त्यांनी बन्सीधरला विचारलं.

अजून नव्हती. त्या बसून राहिल्या. नवी प्रत निघाली, ती वाचून बघितली, तेव्हाच त्यांनी हातातली पुढं केली आणि नवी पदराखाली घेऊन पिंगळीला गेल्या.

सगळं काही परत आलं असं नाही. बन्सीधर निघाल्यानंतरच्या दुरुस्त्या गेल्या त्या गेल्याच. आम्ही चिटबॉय सायकली काढून परत बांधावर गेलो, ज्याची त्याला तारीख विचारली, उसाची कांडी बघून ताडून घेतली. हंगाम थोडा मागं सरकला. पण क्रम लागला, आणि पहिल्या चिठ्ठ्यांत बागायतदारांच्या शेजारी एकरभरवाल्यांचीही नावं होती, कारण त्यांनी ऊस तेव्हाच लावला होता. दिनकररावांनी बन्सीधरनं लिहून दिलेला कागद काढून त्याच्या टेबलावर ठेवला. पुढच्या खंडेनवमीला कपाटाची किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली आणि पाटावर एकच कोरी टेप मांडली.

त्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. सोळा वर्षं लागली. पिंगळीच्या वस्तीत दारोदार दिवे लागले होते. बायनाबाई दिव्यांकडं बघत बसल्या होत्या, ना हसत होत्या, ना रडत. बन्सीधरनं परभणीहून फोटोवाला आणला. आईचा आजवर एकही फोटो नव्हता. त्या मागं सरकल्या, मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, काढा, पण दोन काढा.

आठवड्यानं त्या आमच्या गावी माझ्या दारात. हातात तेच लुगड्याचं फडकं. आमच्या हिनं आत बोलावलं, तिळगूळ दिला. त्यांनी फडकं माझ्या हातात ठेवलं.

"एक बन्सीकडं हाय," त्या म्हणाल्या. "ही तुमच्या छपराखाली राहू द्या, माणिकराव."

मी ते आमच्या लेकरांच्या दाखल्यांसोबत ठेवलं. कोणाच्या छपराखाली आपला चेहरा ठेवायचा, हे त्या बाईनं किती विचार करून ठरवलं असेल, यावर मी पुढं पुष्कळ वेळा विचार केला.

बायनाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात बन्सीधर आला, तोही आता निवृत्त, केस पांढरे. भिंतीत ओल आली, म्हणाला, वाळवी लागली, मायचा फोटो गेला. मग त्यानं विचारलं, काका, तुमच्याकडचा हाय का. मी कपाटातून फडकं काढलं. फोटोत त्या समोर बघतायत, पदर सारखा केलेला, मागं दिव्यांची रांग पुसट. त्यानं हात पुढं केला. मी म्हणालो, देतो, पण इथं न्हाई, परभणीला चल.

आम्ही एसटीनं गेलो. त्या दुकानात आता फोटोवरून फोटो निघतो म्हणे, मिनिटाचं काम. पोरगा म्हणाला, आजोबा, तुम्ही ओरिजिनल देऊन जा, संध्याकाळी घेऊन जा. मी बसतो म्हणालो. बन्सीधर हसला, त्यानं दुसरी खुर्ची ओढली. पोरानं फोटो काचेखाली ठेवला, लगेच परत दिला, आणि मी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून, यंत्रातून दुसरा बाहेर येईपर्यंत, तिथंच बसून राहिलो.